डोहावरची हाक

नदीला कुलूप तुम्ही लावलं, साहेब. दुसऱ्या कोणी नाही. आणि भर सभेत एका म्हातारीला ‘हो आजी, हो’ म्हणणारेही तुम्हीच. आता बदली झाली, तो विषय दुसऱ्याकडं गेला, असलं काही सांगू नका. तुमची बदली झाली असेल. म्हातारीची झालेली नाही. ती अजून तिथंच काठावर उभी आहे, आणि तिला तिथं उभं करण्यात तुमचा हात आहे. तिच्या पोराचाही आहे. त्याचा किती आणि तुमचा किती, हे गोष्ट ऐकून तुम्हीच ठरवा.

म्हातारीचं नाव मंगली. पोराचं नाव चैतराम. आणि गाव म्हणाल तर डोहटोला, जो आता तुमच्या नकाशावर नाही.

चिचगड सोडलं की थोड्या वेळानं डांबर संपतं, मग मुरूम संपतो, मग बैलगाडीची वाट संपते, आणि बांबूच्या रानातून एक पायवाट खाली खाली उतरत नदीवर येते. नदीपल्याड डोहटोला होता. मातीची घरं, अंगणाला बांबूचे कूड, मधे देवाचं झाड. पुढून नदी, मागून नाला. उन्हाळ्यात नाल्यात बकऱ्या चरायच्या, पण आखाड लागला की नालाही भरायचा आणि टोला चारी बाजूंनी पाण्यात जायचा. तो दिवाळीलाच पुन्हा जमिनीला लागायचा. म्हणून जेठातच बायामाणसं चिचगडच्या बाजारातून सगळं उचलून आणायची. मीठ, तेल, काडीपेट्या, मिरच्या, म्हाताऱ्यांचा तंबाखू. मधे कोणाला काही झालं तर एका बुंध्यातून कोरलेला डोंगा होता, आणि नदीच्या मनात असेल तर तो पल्याड लागायचा. पाणी उतरल्यावर टोल्याचा पहिला माणूस बाजारात दिसला की किराणावाला विचारायचा, “का गा, जिता हाये ना सारा टोला?” चैतराम म्हणायचा, “दोन-चार कमी झाले, दोन-चार वाढले. हिसाब बरोबर हाये.”

टोला स्वर्ग होता असं कोणी सांगत असेल तर तो कधी तिथं पावसाळ्यात राहिलेला नाही. पुरात साप घरात यायचे. ताप आला तर तापच कंटाळून जाईपर्यंत थांबायचं. चैतरामची पोरगी दिव्या आश्रमशाळेत शिकायची. तिला भेटायला जाता येत नसे तेव्हा चैतराम काठावर बसून नदीला आईबहिणीवरून शिव्या द्यायचा, आणि आई मंगली मागून म्हणायची, “दे, दे शिव्या. मरशील तवा तिच्याच पोटात जाशील.”

ती खरंच सांगत होती. टोल्याची रीत तशी होती. माणूस मेला की शरीर मातीत जातं आणि जीव पाण्यात जातो. तो तिथंच राहिला तर परका होतो, म्हणून त्याला घरी आणावं लागतं. घरच्या माणसानं नदीतल्या डोहाच्या काठी, म्हशीएवढ्या काळ्या दगडाजवळ उकिडवं बसायचं. हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा. मग नाव घेऊन हाक मारायची. आधी हात, मग नाव. हाताला जे लागेल, झिंगा म्हणा, बोटभर मासोळी म्हणा, तो जीव. त्याला नव्या मडक्यात घालून, वरून पळसाचं पान झाकून घरी आणायचं आणि देवाच्या कोपऱ्यात ठेवायचं, जिथं आधीचे गेलेले बसलेले असतात. मग मडक्यात दोन तांदूळ सोडायचे. ते फिरत फिरत एकमेकांना चिकटले की नवा जीव जुन्यांना भेटला. मग तो झिंगा परत पाण्यात सोडून दिला तरी चालतो, कारण त्याचं काम झालेलं असतं. चैतरामचा बाप गेला तेव्हा चैतरामनंच त्याला असा आणला होता. तांदूळ लगेच चिकटले नव्हते, तेव्हा मंगली मडक्यात डोकावून म्हणाली होती, “जिता होता तवा बी असाच. जेवाले बलावलं का आंगनात फिरत राहे.”

हे सगळं तुम्हाला माहीत नसेल, साहेब. पण विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं.

तुम्ही आलात ते वनखात्याच्या जीपमधून उतरून, नदी पायी ओलांडून. पँट गुडघ्यापर्यंत वर केली होती, ते टोल्याला आवडलं. देवाच्या झाडाखाली सभा झाली. वाघासाठी जंगल मोकळं पाहिजे, तुम्हाला रस्त्यावर पक्की घरं, दवाखाना, लाईट, नळ, पोरांना शाळा. तुम्ही खोटं बोलत नव्हता. यातलं पुष्कळसं मिळालंही. दोन खुर्च्या आणल्या होत्या. एकीवर तुम्ही बसलात. दुसरीकडं हात करून म्हणालात, “या चैतरामजी, इथं बसा. तुम्ही टोल्याचे समजदार माणूस.”

चैतराम बसला. जन्मात पहिल्यांदा कोणी त्याच्या नावापुढं जी लावला होता. हातपाय कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. समोर जमिनीवर सगळा टोला, त्यात पान चघळणारा हिरालाल. हिरालाल टोल्याचा भूमका, म्हणजे देवाचं सगळं पाहणारा माणूस. तो चैतरामकडं पाहून हसत होता, ते हसू चैतरामला त्या वेळी मत्सराचं वाटलं.

मग मंगली उठली. काठी टेकत पुढं आली. तिनं मोबदल्याचं विचारलं नाही, घराचं विचारलं नाही.

“बाबू,” ती तुम्हाला म्हणाली, “म्या तिकडं मेली, तं माह्या पोराले मले घ्याले नदीवर येता येईन ना?”

तुम्हाला ते नीट कळलं नाही. शेजारच्या कारकुनाला तुम्ही विचारलं, त्यानं कानात काहीतरी सांगितलं, तुम्ही हसलात. वाईट नाही हसलात, आजीला हसतात तसं. आणि म्हणालात, “हो आजी, हो. तुमचीच नदी आहे. केव्हाही या.”

“केव्हाबी?”

“केव्हाही.”

टोला उठवायला कोण तयार, असं तुम्ही विचारलंत तेव्हा पहिला हात चैतरामनं वर केला. खुर्चीवर बसून. त्याचा पाहून बाकीच्यांचे झाले. हिरालालचा झाला नाही, पण एका माणसानं सभा अडत नाही. माणसं पांगल्यावर मंगली पोराला म्हणाली, “खुर्चीवर बसला म्हून हात वर केला का गा?”

“पोरीसाठी केला, माय. दवाखाना हाये तिकडं. अन् नदी का पळून जाऊन राहिली? साहेबानं भर सभेत सांगितलं ना, केव्हाबी या.”

“तुले साहेबानं सांगितलं. नदीनं नाही सांगितलं,” मंगली म्हणाली आणि काठी टेकत घराकडं गेली.

पुढच्या उन्हाळ्यात ट्रक आले. मोठ्या रस्त्याच्या बाजूला मुरमाच्या माळावर एकसारखी घरं उभी होती, निळ्या पत्र्याची. पाटी लावली होती, ‘नवीन डोहटोला’. आसपास डोह सोडा, डबकं नव्हतं. एक नहर, म्हणजे कालवा, होती, आणि सिमेंटच्या टाकीजवळ मोहाचं एकच झाड कसंबसं वाचलं होतं. दिव्याला जवळ कॉलेज मिळालं, आता ती गोंदियाला नर्सिंग शिकते. चैतरामची बायको निर्मला पहिला महिनाभर नळ उघडायची आणि नुसती पाहत बसायची. सुख नव्हतं असं नाही. दिव्या तर तोंडावर सांगते, “बाबा, मले कोनी सोनं देल तरी म्या वापस नाही जाची. आजीनं का कमी हाल काढले तिथं?”

मंगली मात्र त्या वस्तीला कधी गाव म्हणाली नाही. ती तिला ‘सडक’ म्हणायची. “सडकेवर जेवन केलं, सडकेवर झोपली.” आल्या-गेल्याला विचारायची, “बापू, नदी कोन्या बाजूले हाये?” कोणी हात दाखवला की खाट त्या बाजूला फिरवून घ्यायची. एकदा निर्मला चिडून म्हणाली, “माय, दररोज खाट फिरवून फिरवून कमर मोडली माही. नदी एकाच जागी हाये ना?” मंगली म्हणाली, “नदी एका जागी हाये. तुमी लोक हालून राहिले.”

यंदाच्या पुसात ती गेली. ताप नाही, दुखणं नाही. दुपारी उन्हात बसल्या बसल्या पोराला म्हणाली, “घ्याले येशील ना गा?”

“येईन माय. पन तू जाऊन कुठं राहिली आत्ताच?”

ती हसली, आणि सूर्य कलायच्या आत गेली. माळाच्या टोकाला तिला मातीत ठेवलं.

आता उरलं होतं ते पाण्याचं. आणि त्याला वेळ होता तो मोहाची फुलं पडेपर्यंतचा. घरातला जीव बाहेर असताना नवा मोह घरात आणायचा नाही, नव्या मोहाचा दाणा तोंडात घालायचा नाही, ही दुसरी रीत. आधी गेलेल्यांना द्यायचा, मग आपण. पण गेलेली आतच आली नसेल तर देणार कोणाला?

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. एक म्हणाला, नहरीवर जाऊन घे ना, पाणी तं पाणीच असते. हिरालाल ओट्यावर बसून ऐकत होता. म्हणाला, “नहरीचं पानी सोमवारी येते अन् गुरुवारी जाते. त्यातून का आनशील? प्लास्टिकची पन्नी?”

मग चैतराम नवं मडकं घेऊन, गमछ्याच्या टोकाला तांदूळ बांधून नाक्यावर गेला. जुन्या वाटेवर, जिथं मुरूम संपायचा तिथं, आता लोखंडी गेट आहे. गेटला कुलूप. कुलपाची किल्ली ज्याच्या कमरेला होती तो भूपेंद्र, चैतरामचाच भाचा. त्याची आई लवकर गेली, मंगलीनं त्याला वाढवलं. डोहात पोहायला त्याला चैतरामनंच शिकवलं होतं, म्हणजे ढकलून दिलं होतं. आता खाकी गणवेश, रोजंदारीची नोकरी, पक्की व्हायची आशा.

भूपेंद्रनं मडकं पाहिलं आणि त्याला कळलं. त्यानं खाली मान घातली.

“मामा, पायी नाही सोडता येत जी.”

“कायले? तुही आजी हाये ते.”

“माही आजी हाये म्हूनच सांगतो. झाडाले कॅमेरे लावले हायेत. मागं एक बाई सरपनाले गेली, तिचा फोटो निघाला. बाईले काही नाही झालं. तवा गेटवर जो होता त्याले घरी बसवलं.”

“साहेबानं सांगितलं होतं, केव्हाबी या.”

“कोन्या साहेबानं? ते गेले. नव्याले मी विचारलं जी. तो म्हने, असा काही नियम नाही. वरून परवानगी आना.”

वरून म्हणजे कुठून, हे भूपेंद्रला माहीत नव्हतं. चैतराम देवरीच्या ऑफिसात गेला, तिथून त्याला गोंदियाला पाठवलं, गोंदियावाल्यानं हिंदीत विचारलं, “किस बात की परमिशन? मछली पकड़ने की?” चैतरामला आईला मासोळी म्हणवेना आणि नाही म्हणवेना. त्या माणसानं पुढच्याला हाक मारली.

याच सुमारास त्या लोखंडी गेटमधून दररोज सकाळी उघड्या गाड्या आत जात होत्या. त्यात नागपूरचे, रायपूरचे, कुठचे कुठचे लोक. पाणी प्यायला येणारी जनावरं दाखवायला त्यांना डोहावर नेत. हे भूपेंद्रनंच सांगितलं, तेही मान खाली घालून. “मामा, एक रस्ता हाये. तिकीट काढा. तिकीटवाल्याले कोनी नाही अडवत.”

घरी येऊन चैतरामनं दिव्याला फोन लावला. दिव्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण आजीवर होता. तिनं मोबाईलवर तिकीट काढायला घेतलं.

“बाबा, हे विचारून राहिलं, भारतीय का विदेशी?”

“लिव विदेशी,” चैतराम म्हणाला. “सोताच्या नदीवर तिकीट काढून जानारा दुसरा कोन असते?”

हिरालालला बरोबर चल म्हटलं तर तो उसळला. “मी नाही येत. त्या पान्यात माहा बाप हाये, आजा हाये. त्याइच्यासमोर तिकीट घेऊन उभा राहू?” मग थोडा शांत झाला आणि चैतरामला जवळ बसवून त्यानं पुन्हा सगळं सांगितलं, जसं लहान पोराला सांगतात. “आधी बसजो. मंग हात. हात थंडा पडू दे. मंग नाव. हाक एकदाच असते, याद ठेव. नाव घेतलं का ते येते. अन् आल्यावर हात नाही दिसला तं तिथंच उभी राहते. मंग नवं पानी येईपर्यंत कोनी काही करू शकत नाही. मी बी नाही.”

“मले माहीत हाये काका. बापाले मीच आनला.”

“तवा तू टोल्यात होता. आता सडकेवर हायेस. म्हून सांगतो.”

गेटवर सकाळी भूपेंद्रनं त्याचं तिकीट तपासलं, दुसऱ्या कोणाचं तपासतो तसंच. मडक्याकडं तिथल्या एका गाइडनं बोट दाखवलं तेव्हा भूपेंद्रच म्हणाला, “पानी पीने का है उनका.” गाडीत बसायच्या आधी त्यानं मामाचा हात धरला.

“मामा, गाडी डोहावर थांबते. गाइडले म्या सांगून ठेवलं हाये, दोन मिनिट उतरू देन तं देन. पन त्यानं नाही म्हटलं तं उतरू नका. माही शपथ हाये. तुमची एंट्री म्या केली, नाव माहं लागन.”

“हो गा, समजलं,” चैतराम म्हणाला.

गाडीत नागपूरचं एक जोडपं होतं. बाई बोलकी होती. तिनं बिस्किट पुढं केलं. “काका, पहिल्यांदाच का?”

“नाही बाई. इथंच राहत होतो.”

“इथं? जंगलात? भीती नाही वाटायची?”

“वाटे ना. पुराची.”

तिला वाटलं म्हातारा गंमत करतोय. ती हसली आणि नवऱ्याला सांगू लागली. गाडी बांबूतून खाली उतरत होती. चैतरामचे पाय त्या उताराला ओळखत होते, गाडीतल्या लोखंडावर ते आपोआप रोवले जात होते. नदीला पाणी गुडघाभर होतं, गाडी तशीच पार झाली. पल्याड जिथं टोला होता तिथं उंच पिवळं गवत. घरं नव्हती, कूड नव्हते. देवाचं झाड होतं, त्याच्या खोडाला पांढऱ्या रंगानं आकडा टाकलेला. गवतात एकटंच शेवग्याचं झाड दिसलं. ते निर्मलानं लावलेलं. म्हणजे तिथं चूल होती, इथं दार, इथं मंगलीची खाट.

गाइड पाठ झाल्यासारखा बोलत होता, “यहाँ पहले गाँव था. लोग अपनी खुशी से चले गए. अब देखिए कितना बढ़िया ग्रासलैंड बना है.”

बाईनं चैतरामकडं पाहिलं. आता तिला गंमत वाटत नव्हती. चैतरामला ती खुर्ची आठवत होती. खुशी नव्हती असं कोणत्या तोंडानं सांगणार? हात तर वरच केला होता.

मग गाडी वळली आणि डोह समोर आला.

इथं काय झालं ते नीट समजून घ्या, साहेब, कारण बाकी सगळं यावर आहे. चैतराम तीन उन्हाळे झाले त्या पाण्यापुढं आला नव्हता. डोह तसाच काळा, तसाच गार. तो म्हशीचा दगड तसाच, त्यावर मंगली कपडे आपटायची ती जागा अजून पांढरी. पल्याडच्या अंगाला एक सांबर पाणी पीत होतं. गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आणि एकदम ती शांतता आली जी त्या जागी नेहमी असायची. त्या शांततेत चैतराम विसरला की तो गाडीत आहे. त्याला वाटलं, तो काठावर आहे. दररोज कामावरून येताना तो याच वळणावरून हाक मारायचा, ‘माय, भात झाला का?’ तसाच त्याचा गळा उघडला.

“मंगली! ए माय! चाल घरी!”

सांबर उधळलं. गाइड किंचाळला, “ए काका! चुप! शोर मना है!” नागपूरचा नवरा म्हणाला, “अहो, काय हे! गेला ना प्राणी.” बाईनं मात्र मोबाईल खाली घेतला.

आणि चैतरामला कळलं. नाव गेलं. हात पाण्यात नाही.

त्यानं मडकं उचललं आणि एक पाय बाहेर काढून पायरीवर ठेवला. दगडापर्यंत एवढंसं अंतर होतं. गाइडनं मागून सदरा पकडला. “उतरना नहीं! बिलकुल नहीं!”

“दोन मिनिट, बापू. भूपेंद्रनं सांगितलं असन तुले. फक्त हात घालतो. माही माय हाये तिथं.”

गाइडनं पाण्याकडं पाहिलं, तिथं कोणी नव्हतं. “मुझे किसी ने कुछ नहीं बोला. आप उतरोगे तो फोटो आएगा. गेटवाले की नौकरी जाएगी, फिर मेरी जाएगी. बैठो.”

चैतराम एक पाय आत, एक पाय बाहेर, असा राहिला. पाणी हलत होतं. सांबराच्या पायानं हललं असेल, वाऱ्यानं हललं असेल. दगडाजवळ एक लाट येऊन थांबली. त्याच्या डोळ्यासमोर भूपेंद्र आला, खाकी कपड्यातला नाही, त्याच डोहात नाकातोंडात पाणी जाऊन रडणारा, आणि काठावरून ‘मामाचा हात धर, मामाचा हात धर’ म्हणून ओरडणारी मंगली.

उडी मारायला एक दम पुरला असता. तो दम त्यानं घेतला नाही. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, मागं घेतली, आणि चैतराम पाय आत ओढून बसला. बाईनं हळूच विचारलं, “काका, कोणाला हाक मारली?” तो तिच्याकडं नुसता पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, त्या बिचारीला सांगायला पाहिजे होतं. तिनं एकटीनंच विचारलं होतं.

गेटवर भूपेंद्रनं आधी मडक्याकडं पाहिलं. वरचं पळसाचं पान कोरडं होतं.

“मामा?”

“हाक गेली गा.”

“अन् हात?”

चैतरामनं मान हलवली. भूपेंद्रनं डोक्यावरची टोपी काढली, उगाच हातात फिरवली. “गाइड बदलला जी ऐनवेळी. म्या दुसऱ्याले सांगितलं होतं.” मग म्हणाला, “मी जातो ना. उद्या माही गस्त हाये तिकडं. मी हात घालतो. माही बी आजी हाये.”

“ज्याची हाक त्याचाच हात लागते. तुले माहीत हाये.”

“मंग उतरले काऊन नाही?” भूपेंद्र एकदम ओरडला, आणि लगेच त्याला आपली शपथ आठवली असावी. तो दुसरीकडं पाहू लागला. किल्ली कमरेला तशीच लटकत होती.

हिरालाल रागावेल असं चैतरामला वाटलं होतं. तो रागावला नाही. सगळं ऐकून घेतलं. मग चैतरामनंच विचारलं, “काका, ते आली असन का?”

“आली असन ना,” हिरालाल म्हणाला. “मंगलीले कोनी बलावलं अन् ते आली नाही, असं कधी झालं? भांडाले बलावलं तरी येत होती.”

दोघं हसले. मग चैतरामचं हसणं तुटलं, आणि पन्नाशीचा तो माणूस ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला. निर्मलानं पाणी आणून ठेवलं, ते तो प्यायला नाही.

आता फागुन सरत आला आहे. टाकीजवळच्या त्या मोहाला फुलं लागली. पहाटे खाली सडा पडतो, पिवळा, गोड वासाचा. वस्तीतल्या बाया टोपल्या घेऊन जातात. निर्मला जात नाही. तिची टोपली घराच्या मागं पालथी घातलेली आहे. परवा सुट्टीत दिव्या आली होती. शेजारणीनं तिच्या हातात भाजलेल्या मोहाची मूठ दिली. ती म्हणते ना, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही? तिनं ती मूठ तशीच धरून ठेवली, आणि शेजारीण आत गेल्यावर झाडाच्या बुडाशी ठेवून आली.

चैतराम संध्याकाळी घराबाहेर खाट टाकतो. नदीच्या बाजूला तोंड करून. आईची खाट तीच. कधी कधी निर्मलाला विचारतो, “तिले थंडी वाजत असन का?” निर्मला म्हणते, “आता उनारा लागून राहिला, थंडी कुठची?” पण ती उठून आत जाते आणि बराच वेळ बाहेर येत नाही.

नवं पाणी आखाडात येईल. ते आलं की चैतरामला पुन्हा हाक मारता येते, हिरालालनं तसं सांगितलं आहे. पण आखाडात तुमचं गेट पावसाळ्यासाठी बंद असतं. त्या दिवसांत तिकीटवाल्यांनाही आत सोडत नाहीत. म्हणजे रीत म्हणते तेव्हा कुलूप, आणि कुलूप उघडतं तेव्हा गाडीतून उतरायचं नाही.

चैतराम स्वतःला माफ करत नाही. ते त्याचं तो पाहील. त्यानं खुर्चीवर बसून हात वर केला, आणि एक पाय बाहेर काढून परत आत घेतला, हे दोन्ही तो मरेपर्यंत वागवील. पण म्हातारीनं पोराला विचारलं नव्हतं, साहेब. तिनं तुम्हाला विचारलं होतं. एवढ्या सभेत तिनं एकच गोष्ट विचारली आणि तुम्ही दोनदा ‘केव्हाही’ म्हणालात. त्या शब्दावर तिनं घर सोडलं, चूल सोडली, काठी टेकत ट्रकमध्ये चढली.

ती आता दगडाजवळ उभी आहे. तिला हाक ऐकू आली आहे आणि हात दिसलेला नाही. आखाडात तिचा पोरगा मडकं घेऊन पुन्हा तुमच्या गेटवर येणार आहे, पायी, तिकिटाशिवाय. किल्ली तिच्या नातवाच्या कमरेला असेल, आणि ती फिरवायची हिंमत त्याला तुमच्या शब्दाशिवाय होणार नाही.

नव्या साहेबांना विचारा, वरच्यांना विचारा, ज्याला विचारायचं त्याला विचारा. पण ‘केव्हाही’ तुम्ही म्हणालात. केव्हा, ते सांगा.